नऊ दिवस, नऊ तास

काकू लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्यासोबत एक लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि मातीनं भरलेला तुपाचा जुना डबा आला. ट्रंकेत काय आहे ते आळीतल्या चार बायकांनी बसून पाहिलं, वळकटीत काय असतं ते सगळ्यांना ठाऊकच होतं, राहिला डबा. माय, म्हणजे माझी आई, मातीत बोटं घालून म्हणाली की यात तीन कांदे आहेत. त्या वर्षी आमच्या कांदाचाळीत जागा उरली नव्हती, आणि जालन्याच्या लोकांनी लेकीसोबत तीन कांदे धाडले होते. ही गोष्ट मायनं पुढं दोन वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगितली आणि सांगताना दर वेळी तीन बोटं वर करून दाखवली. काकू नवी होती. मान खाली घालून ती एवढंच म्हणाली की हे खायचे कांदे नाहीत, फुलांचे आहेत. तिच्या वडिलांना रेल्वेच्या क्वार्टरात कुंड्या लावायचा नाद होता, त्यांच्याकडून तिनं ते आणले होते. त्या फुलाला ती अ‍ॅमरिलिस म्हणायची. आमच्या घरात ते नाव कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. आम्ही त्याला कांद्याचं फूल म्हणत गेलो आणि मी आजही तसंच म्हणते. फुलांच्या दुकानातला माणूस हसतो, पण कोणतं फूल हवं ते त्याला कळतं.

गारखेडा तेव्हा गाव होतं. आता ते शहराच्या पोटात इतकं आत गेलं आहे की आमच्या सोसायटीत राहणाऱ्यांना सांगून खरं वाटत नाही. आमची विहीर जिथं होती तिथं आता कोणाच्या तरी गाड्या उभ्या राहतात असा माझा अंदाज आहे. पावलं मोजून पाहिली होती, पण दोन वेळा मोजली तर दोन उत्तरं आली, म्हणून खात्रीनं सांगत नाही. तेव्हा शहर टांग्यानं पाऊण तासावर होतं. सकाळी आधी मोटेची कुरकुर ऐकू यायची, मग मायच्या बांगड्यांची, मग ओट्यावर आबांच्या अडकित्त्याची. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. घरात ते, माझे आईवडील, काकू, मी, आणि सोयगावच्या तहसिलीत कारकून असलेले काका. काका पंधरा दिवसांतून दीड दिवस घरी असत. त्यामुळं घरात माणसं किती असं कोणी विचारलं तर मी पाच पूर्णांक एक दशांश असं सांगे. मी अकरा वर्षांची होते आणि दशांश अपूर्णांक नुकतेच शिकले होते.

या सवयीमुळं आबा मला गिरदावर म्हणायचे. निजामाच्या काळात गिरदावर नावाचा अंमलदार शेतोशेत फिरून पीक मोजून जाई आणि त्याच्या नजरेतून बांधावरचं भोपळ्याचा वेलसुद्धा सुटत नसे. पोलीस अ‍ॅक्शन होऊन ते राज्य गेलं, पण आबांच्या तोंडातून गेलं नव्हतं. ते हिशेबाला हिसाब म्हणत, निकालाला फैसला, आणि दिलेल्या शब्दाला जबान. आणि जबान दिली की ती मोडायची नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यभर पाळली असं गावात सगळे म्हणत. म्हणूनच ते सहसा जबान देत नसत. ते ‘बघू’ म्हणत.

काकूला त्यांनी ‘बघू’ किती वेळा म्हटलं ते मी मोजलं होतं. अकरा वेळा. खरं तर काकूला नव्हे, मला. कारण सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. दोघं एका हाकेच्या अंतरावर असत, एकमेकांचं सगळं ऐकू येई, तरी काकू दाराआडून म्हणे, ‘आबांना विचार, चहा ठेवू का,’ आणि आबा ओट्यावरून म्हणत, ‘म्हणावं, ठेव.’ मी मधे नुसती उभी राहायची. बोलणं माझ्या डोक्यावरून जायचं आणि पोचायचं, पण मी तिथं नसले तर अडायचं. असा निरोप्या मी त्या घरात दोन वर्षं होते आणि कॉलेजचा विषय माझ्याच मार्फत अकरा वेळा निघाला होता. काकू मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झालेली होती. लग्न ठरताना पुढं शिकवू असं बोलणं झालं होतं, पण ते काकांनी केलं होतं, आणि काका आबांसमोर पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवत. या जूनमध्ये नाव घातलं नाही तर मग झालंच, हे काकूला माहीत होतं. पुढच्या वर्षी पाळणा हलला पाहिजे, असं आळीतल्या बायका तिला विहिरीवर रोज सांगत होत्या. पाळणा हलल्यावर कॉलेजात कोण जातं?

पहिल्या वर्षी कांद्यांना नुसती पात आली. दुसऱ्या वर्षी, परीक्षा संपून माझी सुट्टी लागली तेव्हा, तीनपैकी दोन कांद्यांतून जाड, पोकळ, हिरवे दांडे वर आले. कांदा करणाऱ्या घरात पोकळ दांडा दिसला की हात आपोआप पुढं होतो. कांद्याला असा डेंगळा आला की खालचा कांदा पोसत नाही, म्हणून तो मोडून टाकायचा, हे मायला पाळण्यात असल्यापासून माहीत. ती जाता जाता वाकली आणि पहिला दांडा मुठीत धरला. तेवढ्यात काकूनं तिचं मनगट पकडलं. मोठ्या जावेचं मनगट. मग माय म्हणाली, ‘घे बाई, तुझा डेंगळा तुला,’ आणि हसत आत गेली. पण मनगट चोळत गेली.

सोमवारी सकाळी सात वाजता काकूनं ते दोन्ही दांडे बुडाशी कापले. सात कसे, तर आबांच्या खोलीतल्या घड्याळात ठोके पडत होते. एका दांड्याच्या टोकाला चार कळ्या, दुसऱ्याच्या तीन. मिटलेल्याच, पण आतला लाल रंग दिसू लागलेला. आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मला विचारलं, म्हणजे तिला विचारलं, की फुलं उमलायच्या आधीच तोडली काहून, झाडावर त्यांचं काय दुखत होतं? काकू दाराआडून मला म्हणाली, या उन्हात झाडावर ती चार दिवसांत करपतील. सावलीला पाण्यात ठेवली तर दहा दिवस राहतील.

अडकित्ता थांबला. फूल झाडावर, देवावर नाहीतर बाईच्या केसात, या तीन जागा सोडून फुलाला चौथी जागा असते हेच आबांना मान्य नव्हतं. आणि देवावरचं फूलसुद्धा दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतं.

‘तोडलेलं फूल अन् दहा दिवस,’ आबा म्हणाले. ‘टिकलं तर म्हणावं, माग काय मागायचं ते. जबान दिली.’

मग काकू म्हणाली, ‘आबांना सांग, जूनमध्ये कॉलेजात नाव घालायचंय.’

आबांनी सुपारी तोंडात टाकली. ती बराच वेळ चावली. मग मला म्हणाले, ‘मोजायला तू. एक फूल जरी उभं असलं तरी दिवस धरायचा. पण हिसाब चोख पायजे, गिरदावर. काकू लाडकी हाय म्हून दिवस वाढवायचा नाय.’ मला या गोष्टीचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यामुळं काकूला निरोप जाईना आणि त्यांच्या चहाचाही दोन दिवस खोळंबा झाला.

फुलदाणी आमच्या घरात कशी असणार? काकूनं लोणच्याची रिकामी चिनी मातीची बरणी तीन वेळा राखेनं घासली. या फुलाचं डोकं जड असतं, हलक्या भांड्यात ते भांड्यासकट आडवं होतं. दांडा पोकळ, म्हणून त्यात तुरीची एक बारीक, सरळ काडी खालून वरपर्यंत सरकवली, म्हणजे डोक्याच्या भारानं दांडा मोडत नाही. कापलेलं टोक पाण्यात फाटून मागं वळतं, म्हणून टोकाला दोरा गुंडाळला. मग पाणी ओतलं, फक्त चार बोटं. मी कंपासपेटीतली पट्टी घालून पाहिलं तर साडेसहा सेंटिमीटर भरलं. पाणी जास्त झालं की पोकळ दांडा कुजतो, हे काकूनं मला तेव्हाच सांगितलं होतं. मलाच सांगितलं, मायला सांगितलं नाही. मायला कांद्यातलं सांगायचं म्हणजे मोठ्या जावेला शिकवण्यासारखं झालं असतं.

आता बरणी ठेवायची कुठं, हा प्रश्न आला. माजघरात आंब्याची आढी लावलेली होती. पिकत्या फळाजवळ फूल लवकर मिटतं, असं काकूचे वडील म्हणत. स्वयंपाकघरात चूल. मागच्या खोलीवर पत्रा. जाड भिंतींची, उत्तरेच्या खिडकीची, दुपारीही गार राहणारी खोली घरात एकच होती, आणि ती आबांची होती. अशा रीतीनं काकूची फुलं तिच्या प्रतिपक्षाच्या उशाशी, कोनाड्याखालच्या तिवईवर जाऊन बसली. आबा खोलीत असताना काकू तिथं पाऊल टाकायची नाही, म्हणून ती पहाटे आबा शेताकडं गेले की जाई, ओलं गोणपाट खिडकीला लावी आणि येई.

मंगळवारी पहिली कळी उमलली, बुधवारी आणखी दोन. एकेक फूल माझ्या पंजाएवढं, कर्ण्यासारखं, आणि इतकं लाल की खोलीत कोणीतरी मोठ्यानं बोलत असल्यासारखं वाटायचं. प्रत्येक फुलात सहा केसर असतात. त्यांची पिवळी पूड सांडण्याआधी ते नखानं खुडायचे, त्यानं फूलही जास्त टिकतं, हे काम माझ्याकडं होतं. सात फुलं, म्हणजे बेचाळीस केसर. एक माझ्या हातून सुटला आणि आबांच्या धुतलेल्या धोतरावर पिवळा डाग पडला. ते तसंच नेसून पारावर गेले. तिथं कोणीतरी विचारलं की म्हातारपणी हळद कुठं लागली, तेव्हा आबांनी सगळ्यांना पैजेची गोष्ट सांगितली. त्या संध्याकाळपासून माणसं फुलं बघायला येऊ लागली. आबा त्यांना दारातूनच दाखवत. आत आलेल्याच्या श्वासानं फूल वाळलं तर मग आपल्यावर आळ येईल, असं म्हणत.

अडचण गुरुवारी आली, आणि ती येणार हे मला माहीत होतं. काकूला कावळा शिवायचा. मायलाही शिवायचा, पण काकूचा कावळा फार वक्तशीर होता. तो शिवला की काकू चार दिवस मागच्या पडवीत वेगळी बसायची, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, झाडांजवळ जायचं नाही, पाचव्या दिवशी न्हाऊन आत. हा कावळा कुठून येतो ते मला दिसलं नव्हतं, पण तारखा मी लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांचं अंतर अठ्ठावीस येत होतं. एकदा जेवताना सगळ्यांसमोर मी जाहीर केलं होतं की परवा कावळा येणार, काकूनं डोक्यावर पदर घेऊन बसावं. वडील ताटावरून उठून गेले आणि मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. कारण समजायला मला पुढं तीन वर्षं लागली. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा मी त्या कावळ्यावर गोफण रोखून बसायला तयार होते.

तर काकू गुरुवारी पडवीत गेली आणि फुलं माझ्या ताब्यात आली. तिनं दुरूनच सगळं पुन्हा सांगितलं: शुक्रवारी पाणी बदल, चार बोटंच घाल, दांड्याचं टोक बोटभर तिरकं काप, दोरा नवा बांध. मी तसं केलं, फक्त जुनं पाणी किती होतं ते न बघताच ओतलं. शनिवारी सकाळी तुराटीची काडी बरणीत घालून पाहिली तर पाणी गळ्यापर्यंत. मी अर्ध्याहून जास्त पाणी उपसलं, चार बोटं ठेवलं, काडीवर खूण केली. संध्याकाळपर्यंत ते तेवढंच होतं. म्हणजे पाणी रात्री नाहीतर पहाटे वाढत होतं. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, वाढत नाही, एवढं शास्त्र मला कळत होतं. आणि त्या खोलीत रात्री झोपणारा माणूस एकच होता.

आबांवर संशय घेणं मला सोपं गेलं नाही. पण हिशेब दुसरीकडं कुठं जाईना. रविवारी उजाडायच्या आधी, आबा झोपेत असतानाच, मी त्यांच्या पलंगाखाली जाऊन पडले. ते उठले आणि बरणीला हात न लावता शेताकडं गेले. थोड्या वेळानं दार ढकललं गेलं आणि मायचे पाय आत आले. तिच्या कमरेवर घागर होती. तिनं आबांचा पाण्याचा माठ काठोकाठ भरला, मग तांब्या भरला, आणि तांब्यानं बरणी भरली, अगदी पाणी तोंडावर येऊन थरथरेपर्यंत. मग फुलांना म्हणाली, ‘प्या बायांनो.’

मी पलंगाखालून ओरडले. मायच्या हातून तांब्या पडला.

तिचं काय चुकलं होतं? सकाळी रात्रीचं शिळं पाणी ओतायचं आणि घरातलं भांडन् भांडं काठोकाठ भरायचं, भरल्या घरात अर्धं भांडं ठेवायचं नाही, ही आमची रीत. चार दिवस धाकट्या जावेला हात लावता येत नाही, पोरगी तर बरणीत चूळ भरण्यापुरतंच पाणी घालते, तेव्हा आपणच लक्ष द्यावं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. गुरुवारपासून रोज. कॉलेजबद्दल तिचं मत काही का असेना, धाकटी पैज हरावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. ‘पाहुण्याला तरी कोण चार बोटं पाणी देतं गं?’ ती मला म्हणाली, आणि दांडे बाहेर काढल्यावर त्यांचा वास आला तशी तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली.

मी दांडे घेऊन पडवीकडं धावले आणि काकूपासून हातभर अंतरावर उभी राहिले. तिनं हात मागं बांधून घेतले होते, नाहीतर तिनं ते ओढूनच घेतले असते. दाबून बघ, ती म्हणाली, मऊ कुठपर्यंत आहे? चार फुलांच्या दांड्याचं अर्धं अंग मऊ झालं होतं. तीन फुलांचा सहा बोटांपर्यंत गेला होता, वर टणक होता. मऊ भाग सोडून वर, एका झटक्यात, तिरकं काप, असं ती सांगत होती आणि मी काकांचं दाढीचं पातं बोटांत धरून उभी होते. पातं दोन वेळा घसरलं. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून आबा शेताच्या वाटेवरून परत आले.

‘आबा, पातं तुम्ही घ्या, पोरीचं बोट जाईल,’ काकू म्हणाली.

आबांनी पातं घेतलं आणि ती सांगेल तिथं कापलं. ‘इथं?’ ‘जरा वर.’ ‘आता?’ ‘हं, आता तिरकं.’ दोघं एकमेकांशी बोलली हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही. माझ्या आलं, पण मी बोलले नाही. दांडा महत्त्वाचा होता. नंतर मी आबांना सांगितलं की मी त्यांच्यावर पाळत ठेवली होती. ते म्हणाले की निजामाच्या गिरदावरानं बी मला कधी पलंगाखालून पाहिलं नव्हतं.

अर्ध्या कुजलेल्या दांड्याची फुलं सोमवारी एकामागून एक गळाली. दुसरा दांडा आता इतका आखूड झाला होता की बरणीत बुडाला असता, म्हणून तो पितळी तांब्यात आला. त्याची दोन फुलं मंगळवारी सुकली आणि शेवटची कळी मंगळवारीच पूर्ण उमलली. काकू सोमवारी न्हाऊन आत आली होती, पण आता करण्यासारखं फारसं काही नव्हतं. ती गोणपाट दोनदा ओलं करी. माय बुधवारी सकाळी त्या खोलीत माठ भरायला गेली तेव्हा तांब्याकडं पाठ करून भरत होती, म्हणजे चुकूनसुद्धा हात जायला नको.

बुधवारी दुपारी मी त्या खोलीतच बसून होते. आबा पलंगावर डोळे मिटून पडले होते. बाहेर अंगणात माय आणि काकू शेवया करत होत्या. पाटावर कणीक मळल्याचा थपथप आवाज येत होता. साडेतीनच्या सुमारास फुलाची मान थोडी वाकली. मग पाकळ्या ओल्या फडक्यासारख्या झाल्या. घड्याळात चाराचे ठोके पडताना फूल खाली लोंबलं आणि तांब्याच्या पोटाला टेकलं. मी त्याच्याखाली बोट धरून पाहिलं. बोट धरलं तर ते उभं राहत होतं. दहा दिवस गुरुवारी सकाळी सातला पुरे होत होते, म्हणजे अजून पंधरा तास. पंधरा तास बोट धरता येत नाही. मी बोट काढलं आणि अंगणात गेले.

‘नऊ दिवस, नऊ तास झाले,’ मी म्हणाले. ‘फूल पडलं.’

काकूनं मान वर केली नाही. तिचा हात शेवयांवर तसाच फिरत राहिला, फक्त शेवई जाड निघू लागली. माय म्हणाली, ‘तुला कोण विचारलं व्हतं गं? उद्या सकाळी जागी झालीस अन् मग पाहिलंस तर काय बिघडलं असतं?’ तिचे डोळे भरले होते, कारण पाणी तिनं घातलं होतं. मला खोटं बोलता येत नव्हतं, त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. पाय वाकडे असतात तशी ती गोष्ट होती.

आबा दारात येऊन उभे राहिले. फैसला काय, असं त्यांनी विचारलं. पंधरा तास कमी पडले, असं मी सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले, अडकित्ता काढला आणि सुपारी नसताना नुसताच उघडमीट करत राहिले.

‘तुझं बारसं कितव्या दिवशी झालं?’

‘बाराव्या.’

‘जन्मलीस तो दिवस धरून का सोडून?’

मला ठाऊक नव्हतं. माय म्हणाली, ‘धरून. सगळेच धरतात.’

‘मग सोमवार काहून सोडला?’ आबा मला म्हणाले. ‘तुझ्या हिसाबानं गेलं तर बारसं तेराव्याला येतं. लेकराचा तेरावा घालायचा का आपल्या घरात?’

मायनं तोंडाला पदर लावला. आबांनी एकेक बोट मिटून मोजायला सुरुवात केली. सोमवार एक, मंगळवार दोन, असं करत दुसऱ्या हाताच्या करंगळीशी बुधवार आला. आज दहावा. दहावा उजाडला तेव्हा फूल उभं होतं, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, दुपारी ते पडलं की झोपलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मी म्हणाले, पण आबा, तास? तास कचेरीत मोजतात, ते म्हणाले, घरात दिवस मोजतात.

काकूचा हात तेव्हा थांबला.

त्या दिवशी आमच्या घरात मोठ्यानं रडलेली मी एकटीच. काकूचं कॉलेज ठरलं म्हणून नव्हे, माझा हिशेब खोडला म्हणून. गुळवणी आणि ताज्या शेवया समोर होत्या तरी मी जेवले नाही. शेवटी काकू माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली की नऊ दिवस नऊ तास हेच बरोबर आहे, तिनंही तेवढेच मोजले होते. मग माझा कान हळूच धरून म्हणाली, ‘खरंच बोलत जा. पण पुढच्या वेळी जरा हळू बोल.’ मी हा सल्ला लक्षात ठेवला आहे. घरातली माणसं म्हणतात की पाळलेला नाही.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. पेरणी व्हायची होती, आभाळ नुसतं भरून यायचं आणि जायचं. काकू पहिल्या दिवशी शहरात दूध नेणाऱ्या टांग्यातून गेली, डोक्यावर पदर, मांडीवर वही, मायनं बांधून दिलेली भाकरी आणि कैरीचा ठेचा. जाताना माय तिला सारखी रागावत होती, हळू उतर, उन्हात उभी राहू नकोस, कोणाचं पाणी पिऊ नकोस, पिलंस तर पोटभर पी. आळीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. आबा त्या वेळी गावात कुठं दिसले नाहीत.

टांगा तीन वाजता परत येणार होता. दोन वाजता आबा ओट्यावर येऊन बसले. आमचा ओटा पश्चिमेला होता, दुपारनंतर त्याच्यावर ऊन इतकं येई की कुत्रंसुद्धा तिथं बसत नसे. आबांनी डोक्यावर उपरणं घेतलं होतं आणि ते रस्त्याकडं बघत होते. अडीच झाले, पावणेतीन झाले. मी विचारलं, आबा, उन्हात काहून बसलात?

‘बैलांची वाट बघतोय,’ ते म्हणाले. ‘आजून आले नाय.’

मी मागं गोठ्यात जाऊन पाहिलं. दोन्ही बैल दाव्याला बांधलेले होते आणि कडबा खात होते. मी परत आले, आबांच्या शेजारी ओट्यावर बसले, आणि म्हणाले, व्हय आबा, आजून एक बी आला नाय.